पिशव्या

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. घर देवरूखला, म्हणून घरी म्हणजे दादरला, गाडगे महाराज धर्मशाळेत. निघताना आमच्याकडे दोन पिशव्या होत्या. एक रिपोर्टांची, ती नवऱ्याने काखेत घट्ट धरलेली. दुसरी माझी, काखेखालून निघालेल्या नळीच्या टोकाला लोंबणारी, ड्रेनची. आत लालसर पाणी साचत होतं. ती रिकामी कशी करायची, पाणी कसं मोजायचं, सिस्टरने दोनदा करून दाखवलं होतं. पण गाऊनवर ओढणी घेतलेल्या बाईने ही पिशवी मुंबईच्या टॅक्सीत ठेवायची कुठे, हे सिस्टरला तरी कसं सुचणार? मी मांडीवर ठेवली आणि उतरताना विसरले. पिशवी सीटवर, मी रस्त्यावर. नळी ताणली गेल्यावर अशी किंचाळले की पलीकडचा शहाळेवाला हातात कोयता घेऊनच धावत आला.

धर्मशाळेच्या जिन्यात एक ठेंगणी, डोक्याला रुमाल बांधलेली बाई वरून उतरत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पिशवीकडे पाहिलं.

"डावी का उजवी?"

"उजवी."

"माझी डावी. थांब."

परत वर जाऊन ती जुन्या परकराच्या कापडाची एक झोळी घेऊन आली. लांब नाडी, गळ्यातून आडवी घालायची. ड्रेनची पिशवी आत ठेवली, वरून ओढणी घेतली, की कोणाला पत्ता लागत नाही आणि नळीला हिसका बसत नाही. "धुतलेली हाय," ती म्हणाली. "मह्याआधी अकोल्याची होती. तुझं झालं की पुढचीला दे." आणि रांगेत नंबर लावायला निघूनही गेली. कशी आहेस, केव्हा कळलं, कितवी स्टेज, काही नाही.

या जळगावच्या काकू. अजूनही मी त्यांना याच नावाने हाक मारते. वॉर्डात आणि धर्मशाळेत नावं नसतात, गावं असतात. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर मी देवरूखच्या बाई झाले.

गाठ मला फेब्रुवारी 2023 मध्ये आंघोळ करताना लागली होती. वय 46. हरभऱ्याएवढी, टणक, न दुखणारी. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, पाळी जायच्या वयात अशा गाठी होतात, गोळ्या घ्या. दुखत नाही म्हणजे साधीच असणार, असं मलाही वाटलं. आता वाटतं, तिसरीच्या मुलांना पाढे शिकवण्याआधी मला कोणीतरी एवढं शिकवायला हवं होतं की स्तनातली कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखली असती तर मी आठवड्यात कोल्हापूर गाठलं असतं. मे महिन्यात काखेतही गाठ लागली, तेव्हा मॅमोग्राफी, सुईची तपासणी, आणि मग संगमेश्वर स्टेशनवरून तुतारी एक्स्प्रेस. जुलैत ऑपरेशन झालं. उजवा स्तन पूर्ण काढला, काखेतल्या गाठीही.

टाटा हॉस्पिटलच्या रांगेत तासन्‌तास बसताना मी फोनवर त्या इमारतीचा इतिहास वाचून काढला. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने परदेशात गेल्या. अशा उपचारांची सोय आपल्याकडेही हवी हे दोराबजींनी मनावर घेतलं. तेही पुढच्याच वर्षी गेले आणि हॉस्पिटल उघडलं ते 28 फेब्रुवारी 1941 ला. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू आत्ता टोकन नंबर बघ." बरोबरच होतं त्याचं.

आजार कळल्यापासून घरी माणसांची रीघ लागली होती. प्रत्येकाकडे सांगायला एक बाई होती. कोणाच्या नणंदेची जाऊ, कोणाची मालवणची मावशी. "तिलाही हेच झालेलं." मग एक क्षण शांतता आणि विषय बदलायचा, म्हणजे ती गेली असणार. दुसरा प्रकार 'पॉझिटिव्ह राहा' वाल्यांचा. तिसरा 'तू लढवय्यी आहेस' वाल्यांचा. मी कुठे लढत होते? मी रांगेत बसत होते. माझा राग त्यांच्यावर नव्हता. बिचारे प्रेमाने येत होते, फळं आणत होते. पण माझ्या डोक्यात जे प्रश्न होते ते त्यांना विचारता येत नव्हते. कुशीवर कधी झोपता येईल? टाक्यांवर ब्लाउज कसा घालायचा? दंडाच्या आतल्या बाजूला हात लावला तर काहीच कळत नाही, ते तसंच राहणार का? डॉक्टरांना विचारायची लाज नव्हती, पण त्यांच्यासमोर गेलं की नेमकं आठवायचं नाही.

काकूंना आठवावं लागायचं नाही. त्या माझ्यापेक्षा तीन महिनेच पुढे होत्या.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. एका खोलीत दोन-दोन इयत्ता. माझा अनेक वर्षांचा अनुभव असा की दुसरीच्या मुलाला वजाबाकीतलं हातचं घेणं मी समजावून समजत नाही, पण तिसरीतला पोरगा दोन मिनिटांत समजावतो. कारण त्याला स्वतःला ते कुठे अडलं होतं हे अजून आठवतं. मला कधी अडलं होतं ते मी विसरून गेलेय. धर्मशाळेत तेच चालायचं. केमो चालू असलेली ऑपरेशनवालीला सांगायची, लाइट चालू असलेली केमोवालीला. रेडिएशनला तिथे सगळ्या 'लाइट'च म्हणत. दहा वर्षांपूर्वी बरी झालेली एक सधन बाई एकदा आम्हाला भेटायला आली होती. चांगलं बोलली, पण तिला ड्रेनचं काही आठवत नव्हतं.

ड्रेन म्हणजे आमचे चाचणी परीक्षेचे मार्क होते. फक्त उलटे, जितके कमी तितकं चांगलं. सकाळी गॅलरीत तोंड धुताना हाच प्रश्न: "आज किती?" नवरा शाळेच्या वहीत तारीखवार लिहायचा. 140, 110, 95, परत 120. वाढले त्या दिवशी मी रडले. काकू म्हणाल्या, "काल तू लई चालली. बादली उचलली का?" उचलली होती. सलग दोन दिवस 30 मिलीच्या खाली आल्याशिवाय नळी काढत नाहीत. माझी बाराव्या दिवशी निघाली. झोळी मी धुऊन वाळत घातली आणि दुसऱ्याच दिवशी ती वसईच्या एका बाईच्या गळ्यात गेली.

काकूंनी चौथ्या-पाचव्या दिवशी मला विचारलं होतं, "बघायचंय का? माझं?" मी नाही म्हटलं, जरा जोरातच. मी माझंही अजून पाहिलं नव्हतं. पट्टी बदलताना छताकडे बघायचे. त्यांनी परत विचारलं नाही. दोन आठवड्यांनी मीच म्हटलं, काकू, दाखवा. न्हाणीघरात दाराला कडी लावून त्यांनी पोलक्याची बटणं काढली. मला वाटलं होतं खड्डा असेल, काहीतरी भयंकर. सपाट होतं. काखेपर्यंत एक आडवी रेघ, जरा गुलाबी. "माय वं, पोळपाट झालाय नुसता," काकू म्हणाल्या आणि बटणं लावायला लागल्या. त्या रात्री मी माझं पाहिलं. नवऱ्याने आणखी महिन्याभराने पाहिलं. त्याच्यासाठी काही तिथे काकू नव्हत्या. पुरुषांचंही असं काहीतरी हवं, असं मला मनापासून वाटतं. ते खाली चहाच्या टपरीवर उभे राहून क्रिकेटवर बोलत असत.

हाताचे व्यायाम हे आमचं मोठं प्रकरण. काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो. हलवला नाही तर तसाच राहतो, आणि पुढे हाताला सूज येण्याची भीती असते. त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगडी नको, कापणं-भाजणं सांभाळायचं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं होतं. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि कोळ्यासारखी बोटं वर वर न्यायची. ओढ लागेल तिथे थांबायचं. खूण करायला पेन्सिल दिली होती, पण पेन्सिल हरवते. टिकली प्रत्येकीकडे असते. गॅलरीच्या भिंतीवर आमच्या टिकल्यांची रांग तयार झाली. काकूंची मोठी मरून टिकली सगळ्यांच्या वर. माझी खांद्याच्या जरा वर, आठ दिवस तिथेच अडकलेली. वसईवालीची चमकीची. बीडच्या पोरीची काळी, बारीक. रोज सकाळी टिकली सोडवून बोटभर वर लावायची. काखेत दोरीसारखी ताठ शीर हाताला लागायला लागली तेव्हा मी घाबरून थांबले होते. वसईवाली म्हणाली, मलाही आली होती, मॅडमना दाखव, त्या सोडवतात. दाखवली. सुटली.

परदेशात हे असं सत्तर वर्षांपूर्वीच सुरू झालंय, हे मी नंतर वाचलं. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर नावाच्या बाईचं हेच ऑपरेशन झालं. पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी नाही म्हणून ती स्वतःच दुसऱ्या बायकांना भेटायला जाऊ लागली, व्यायाम दाखवू लागली. डॉक्टरांना सुरुवातीला ते फारसं रुचलं नव्हतं. काकूंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिची झोळी कशाची होती?"

बीडची पोरगी 31 वर्षांची होती. ऊसतोड करणारी. दोन पोरं सासूकडे. पहिल्या दिवशी आम्ही तिला आपलं शहाणपण शिकवायला बसलो: या हाताने वजन उचलायचं नाही, पाण्यात फार वेळ हात नको, ऊन नको. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मोळी कोन उचलंल?"

कोणाला उत्तर देता येईना. मॅडमनी नंतर तिला नीट समजावलं, की हात कायमचा बाजूला ठेवायचा नाही, हळूहळू वजन वाढवायचं, सूज दिसली की थांबायचं. पण ऊसतोडीत हळूहळू काही नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने दोघांवर मिळून उचल दिलेली असते. बायको आली नाही तर नवरा अर्धा कोयता. हा हिशोब मला तिच्याकडून कळला. शाळेत मी अपूर्णांक शिकवते.

ती विनोदी होती. ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी गळ्यात झोळी अडकवून म्हणाली, "पिशवी काढली, आता पिशवी लावली." म्हणजे गर्भपिशवी. ती 26व्या वर्षीच काढून झाली होती. पाळीत खाडा होतो, खाडा झाला की पैसे कापतात, त्यांच्या टोळीतल्या बऱ्याच जणींनी काढलेली. 2019 साली याच्यावर बातम्या आल्या होत्या, सरकारने समिती नेमली होती, मी पेपरात वाचून हळहळले होते आणि पान उलटलं होतं. आता ती माझ्या शेजारच्या खाटेवर बसून माझे केस विंचरत होती. ते पहिल्या केमोनंतर सोळाव्या दिवशी मूठ-मूठ यायला लागले, तेव्हा तिनेच कात्रीने कापले.

केमोचं फार सांगत नाही. पहिले चार डोस लाल औषधाचे, लघवीही लाल होते, ते आधी माहीत असेल तर घाबरायला होत नाही. मला काकूंनी सांगितलं होतं. तोंडाला लोखंडाची चव आली की मी घरून आणलेली आमसुलं चघळायचे. डॉक्टरांना विचारून ती साऱ्या मजल्यावर वाटली. काकूंनी रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरायला शिकवलं: उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरला आणि थर्ड एसीला भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला पाऊण. लोकलला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, हेही. पहिल्यांदा चढले तर एकाने विचारलं, तुम्हाला काय झालंय? मी रुमाल काढून दाखवला. तो उठून दारात जाऊन उभा राहिला. मलाच वाईट वाटलं.

लाल डोस संपत आले तेव्हा मी स्वतःला पुढच्या इयत्तेतली समजू लागले होते. एकदा तपासणीच्या रांगेत एक नवी बाई बसली होती, रिपोर्ट उराशी धरून. मी तिच्या शेजारी बसले आणि सुरू झाले. घाबरू नका, माझंही झालंय, सगळं होतं, ड्रेनला अशी पिशवी करा, व्यायाम असे करा, लाल औषध, आमसूल, फॉर्म. दहा मिनिटं बोलले असेन. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ताई, जरा गप्प बसता का? मला अजून कळलेलं नाही, कॅन्सर आहे की नाही." तिची सुईची तपासणीच व्हायची होती. मी उठून खालच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की टाके दुखतात म्हणून छाती धरून बसल्या. "मी तुला काय विचारलं होतं पहिलं?" डावी का उजवी. त्यापलीकडचं सगळं मीच विचारत गेले होते, एकेक करून.

शाळेत जाताना साडीच्या आत काय घालायचं हा पुढचा प्रश्न. सिलिकॉनचे कृत्रिम स्तन मिळतात, काही हजारांना. काकूंनी स्वस्त तोड काढली होती: सुती कापडाची पिशवी, आत बाजरी. एका तळहातावर पिशवी आणि दुसऱ्या तळहातावर आपलं दुसरं, असं वजन जुळवायचं. वजन जुळलं नाही तर चालताना एक खांदा वर जातो. यावर गॅलरीत भांडण झालं. बीडची म्हणाली, ज्वारी घ्या, बाजरी उष्ण असते. मी म्हटलं, आमच्याकडे तांदूळ. काकूंनी कोकणी तांदळाचा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही. शेवटी बाजरीच घेतली. उपचार संपवून जूनमध्ये शाळेत गेले. कोकणातला पाऊस. ऑगस्टात तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहून वळले तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या पदरावर किडे." बाजरीला सोंडे लागले होते. चार-पाच जण बाहेर पडून फिरायला निघाले होते. मी कार्यालयात जाऊन दार लावलं आणि एकटीच हसत बसले. मग लगेच काकूंना फोन.

आता मी सुती धाग्याचे विणते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका बाईने 2011 मध्ये असे विणून फुकट वाटायला सुरुवात केली, आपल्याकडेही बायका विणतात. क्रोशाची सुई, मऊ सुती दोरा, आत धुता येईल असा कापूस. कीड लागत नाही. हलके असतात, एवढीच खोट, म्हणून मी आत थोडं वजन घालते. उजवा हात संध्याकाळी जरा जड होतो, तेव्हा थांबते.

बीडच्या पोरीचे चार लाल डोस वेळेवर झाले. पुढचे बारा दर आठवड्याचे. त्या वर्षी दसरा 24 ऑक्टोबरला होता आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. मुकादमाचे फोन सुरू झाले. काकूंनी एकदा तिच्या हातातून फोन घेतला आणि मुकादमाला अर्धा तास धारेवर धरलं. अहिराणीत. त्याला किती कळलं कोणास ठाऊक, पण नवरा एकटा अर्धा कोयता म्हणून जाईल आणि राहिलेली उचल पुढच्या हंगामात फिटेल, इथपर्यंत बोलणं आणलं. आम्ही सगळ्यांनी त्या रात्री जिंकल्यासारखा चहा प्यायला. चार डोस झाले. दिवाळीला ती म्हणाली, पोरांना बघून येते, आठ दिवसांत आले. तिची काळी टिकली तेव्हा काकूंच्या टिकलीच्या चार बोटं खाली होती.

ती आली नाही. पहिल्या आठवड्यात फोन लागला, ती म्हणाली, येते. नंतर बंद. समाजसेविका मॅडमनी गावात निरोप पाठवला, घराला कुलूप. आमच्यातल्या प्रत्येकीने तिला शेवटचं काय म्हटलं होतं ते आठवून पाहिलं. मी म्हटलं होतं, फराळ जास्त खाऊ नकोस, पोट बिघडेल. पुढे मी लाइटसाठी परत आले तेव्हा गॅलरीची भिंत रंगवून स्वच्छ केली होती. मी नव्या भिंतीवर टिकली लावली. काकू जळगावला गेल्या होत्या.

गेल्या डिसेंबरात आंबा घाटाने कोल्हापूरला चालले होते. पाच वर्षांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या तपासणीसाठी. बांबवड्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला आणि एसटी थांबली. डाव्या हाताला फड. बायका मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे चालल्या होत्या, एकामागे एक, डोक्याला फडकी बांधलेली, आमच्याकडे पाठ. मी खिडकीशी सरकून उजवे हात बघायला लागले, कोणाचा सुजलेला दिसतो का, कोणाचा अर्ध्यातच थांबतो का. सगळ्यांचे दोन्ही हात मोळी धरायला पार वर गेलेले होते. कंडक्टरने घंटी मारली.